खोक्यावर ११ किलो, तरी लाईन तुटली: रीलचा ड्रॅग नेमका कसा चालतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडच्या बाजूला खडकावरून गरवताना ५००० साईजचं स्पिनिंग रील, त्यावर ३० पौंडांची ब्रेड (विणलेली) लाईन आणि पुढे लीडर, म्हणजे टोकाला बांधलेला वेगळ्या लाईनचा तुकडा. रीलच्या खोक्यावर कमाल ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाईन अडवत-सोडत राहणाऱ्या रीलच्या ब्रेकची ताकद, ११ किलो लिहिलेला. घरून निघताना ड्रॅग साधारण ६ किलोवर आवळून ठेवलेला. मोठा मासा लागला, एका दमात दीडशे मीटर पळाला. स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेली चकरी, रिकामं होताना दिसलं म्हणून ड्रॅगचा नॉब आणखी थोडा फिरवला. मासा थांबला, आणि पुन्हा निघाला त्या क्षणी लीडरजवळच्या गाठीवर लाईन गेली. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. मग सहा-साडेसहा किलोच्या ड्रॅगवर ती तुटलीच कशी, आणि आता मोठं रील घ्यावं का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो: नाही, रील बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या क्रमात रीलचा दोष मला कुठेच दिसत नाही. त्या वेळी तुमच्या गाठीवर सहा किलो नव्हे, अकरा-बारा किलो ओढ होती. घरी नॉब फिरवून आपण जो आकडा ठरवतो तो त्या घडीपुरता, भरलेल्या स्पूलवर आणि सरळ ओढलेल्या लाईनवर खरा असतो. मासा लागल्यावर नॉबला हातही न लावता तो वाढत जातो. तो किती वाढतो आणि कशामुळे, हे कळलं की निम्म्याहून जास्त मासे तुटायचे थांबतात, असं मी इतकी वर्षं कोकणच्या किनाऱ्यावर रॉड चालवून ठामपणे सांगू शकतो.

ड्रॅगच्या आत काय असतं ते पाहू. तुमच्या रीलचा पुढचा नॉब पूर्ण काढा आणि स्पूलच्या खोबणीतली तारेची कडी काढून वॉशरची चवड बाहेर घ्या. (काढण्याआधी आणि काढताना प्रत्येक पायरीचा फोटो मोबाईलवर घ्या. क्रम चुकला तर काय होतं ते पुढे सांगतो.) चवडीत दोन प्रकारच्या धातूच्या चकत्या दिसतील. काहींना बाहेरच्या बाजूला कान असतात. ते स्पूलच्या खाचांत बसतात, म्हणून त्या चकत्या स्पूलबरोबर फिरतात. काहींचं मधलं भोक गोल नसून चपट्या कडांचं असतं. त्या मधल्या दांड्यावर बसतात आणि जागच्या हलत नाहीत. या दोन प्रकारांच्या मध्ये एकेक घर्षणाचा वॉशर असतो, कार्बन फायबरचा किंवा फेल्टचा. नॉब आवळला की त्याखालची स्प्रिंग ही सगळी चवड दाबते. मासा लाईन ओढतो, स्पूल फिरू पाहतं, आणि फिरणाऱ्या व न फिरणाऱ्या चकत्यांमधलं घर्षण त्याला अडवतं. ओढ घर्षणाहून जास्त झाली की स्पूल सरकतं आणि लाईन सुटते. ड्रॅग म्हणजे एवढंच.

अडवण्याची ताकद चार गोष्टींवर ठरते: वॉशर कशाचा आहे, नॉबने किती दाब दिला आहे, किती जागी घर्षण होतं आहे, आणि ते घर्षण मधल्या दांड्यापासून किती दूर होतं आहे. तीन घर्षण-वॉशर असतील तर एकाच दाबाने तिप्पट ताकद मिळते, कारण तोच दाब तिन्ही जागी पोचतो. आता क्रमाचं महत्त्व लक्षात येईल. दांड्यावर बसणाऱ्या दोन चकत्या चुकून शेजारी-शेजारी लागल्या तर त्या जागी काहीच घासत नाही आणि ड्रॅगचा एक हिस्सा गायब होतो. सर्व्हिसिंगनंतर ‘नॉब पूर्ण आवळला तरी लाईन जाते’ अशी तक्रार येते तिचं कारण बहुतेकदा हेच. वॉशरचं क्षेत्रफळ मोठं असलं की ड्रॅग जास्त, असा एक पक्का समज आहे. क्षेत्रफळाने ताकद वाढत नाही. दाब जास्त जागेवर पसरतो, त्यामुळे वॉशर कमी झिजतो आणि उष्णता सोसतो. ताकद वाढते ती व्यास मोठा झाल्याने, म्हणजे घर्षण मध्यापासून लांब गेल्याने. पुढे नॉब असलेल्या रीलमध्ये वॉशर मोठे मावतात, मागे नॉब असलेल्यात छोटे. म्हणून समुद्रासाठी पुढच्या ड्रॅगचंच रील घ्यावं असं मी सांगतो.

ड्रॅग नव्हता तेव्हा काय होतं? आपल्याकडे हातगरीवर घोळ किंवा मोठा हेकरू लागला की तंगूस बोटांतून सोडावी लागे, आजही लागते. बोटं हाच ड्रॅग, आणि तो उत्तम ड्रॅग आहे, कारण जाणता माणूस क्षणोक्षणी दाब बदलतो. जुन्या रीलवर याहून वाईट अवस्था होती. मासा पळाला की हँडल उलटं गरागरा फिरायचं आणि बोटांचे सांधे फोडायचं. स्पूलवर चामड्याचा तुकडा अंगठ्याने दाबून मासा थोपवायचा. रीलच्या पोटात घर्षणाच्या चकत्या बसवल्यावर ते संपलं. १९१३ साली कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटापाशी विल्यम बॉशन यांनी ३५५ पौंडांचा तलवारमासा रॉडवर काढला. ज्युलियस व्हॉम हॉफ यांनी बनवलेल्या त्यांच्या रीलमध्ये असाच आतला ड्रॅग होता. नंतर धातू बदलले, वॉशर बदलले, बेअरिंगं आली. तत्त्व तेच राहिलं.

आता तुमच्या दीडशे मीटरकडे येऊ.

पहिली वाढ स्पूलमुळे. वॉशरांची अडवणूक ही फिरण्याला असते. ती लाईनवर किती किलो होऊन उतरते हे त्या घडीच्या स्पूलच्या व्यासावर ठरतं. व्यास निम्मा झाला तर लाईनवरची ओढ दुप्पट. तुमच्या स्पूलचा भरलेला व्यास ५० मिलिमीटर धरू. दीडशे मीटर ३० पौंडी ब्रेड गेल्यावर तो साधारण ४२ वर येतो. नॉब तसाच असताना ड्रॅग जवळपास पाचव्या हिश्शाने वाढला. जाड मोनो (एकाच नायलॉन धाग्याची लाईन) असती तर व्यास आणखी घसरला असता आणि वाढही जास्त झाली असती. उथळ आणि रुंद स्पूलवर हा फरक कमी पडतो, खोल आणि अरुंद स्पूलवर जास्त.

दुसरी वाढ रॉडमुळे. लाईन सरळ रीलमधून ओढून मोजलेला ड्रॅग आणि वाकलेल्या रॉडच्या टोकाशी मोजलेला ड्रॅग यांत मोठा फरक असतो. लाईन प्रत्येक गाईडमध्ये, म्हणजे रॉडवरच्या कडीत, थोडी वळते आणि घासते. रॉड उभा धरून लाईन एकूण काटकोनात वळवली तर गाईडच्या कड्या किती गुळगुळीत आहेत त्यावर सहाव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत ओढ वाढते. मी हिशेबाला पाव धरतो. यात एक फायदाही आहे. रॉड माशाच्या दिशेने झुकवला की हीच वाढ तत्काळ उतरते, नॉबला हात न लावता. जिताडा पाण्याबाहेर उडी मारतो तेव्हा रॉड खाली घालायचा तो यासाठी, आणि लाईनमध्ये ढील येऊन त्याचं अंग किंवा गलफडाची धारदार कड ताणलेल्या लाईनवर पडू नये यासाठीही.

तिसरी वाढ पाण्याची. दीडशे मीटर लाईन पाण्यात असते आणि मासा क्वचितच सरळ रेषेत पळतो. तो वळला की मागची लाईन पाण्यात कमान करून आडवी ओढली जाते. ती ओढ तुमच्या हाताला पूर्ण कळत नाही, कारण ती माशाच्या टोकाकडे जास्त असते. तुमची लीडरची गाठ तिथेच असते. ब्रेड बारीक असल्याने ही ओढ मोनोपेक्षा कमी, तरी मासा वेगात असेल तर एखादा किलो मी सहज धरतो. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी, पाणी जोरात बाहेर पडत असताना, याहूनही जास्त.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि तिचा आकडा कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो. थांबलेली वस्तू हलवायला लागणारा जोर आणि हलती वस्तू हलती ठेवायला लागणारा जोर सारखा नसतो. स्पूल एकदा सरकू लागलं की घर्षण उतरतं. ते थांबलं की वॉशर एकमेकांना धरतात आणि पुन्हा सुटायला जादा झटका लागतो. चांगल्या, ग्रीस लावलेल्या कार्बन वॉशरमध्ये हा फरक अगदी थोडा असतो. सुकलेल्या फेल्टमध्ये, मिठाची पुटं बसलेल्या चकत्यांमध्ये तो भयंकर असू शकतो. ड्रॅग सलग सुटण्याऐवजी अडत-सुटत, धक्क्याधक्क्याने सुटत असेल आणि रॉडचं टोक थरथरत असेल तर हेच चालू असतं. प्रत्येक धक्क्याला गाठ जास्तीचा भार सोसते.

आता बेरीज करा. नॉब आवळल्यानंतरचे ६.५ किलो. स्पूलची वाढ धरून ७.८. रॉड उभा, म्हणून पावणेदहाच्या आसपास. मासा पळत होता तोवर लाईन टिकली. मग तो थांबला, स्पूल थांबलं, वॉशरांनी धरलं. पुन्हा निघताना पाचवा हिस्सा जादा झटका धरला तर ११.७, आणि वर पाण्याची ओढ. दुसऱ्या बाजूला तुमची लाईन साडेतेरा किलोची असली तरी गाठीत तिची ताकद उतरते. नीट बांधलेली गाठ ८० टक्के टिकली असं धरलं तर १०.९ किलो. गाठ त्या क्षणी जाणारच होती. हे सगळे आकडे अंदाजी आहेत, तुमच्या रीलचे थोडे इकडेतिकडे होतील, पण हिशेबाची दिशा बदलणार नाही.

तेच रील, तीच लाईन, ड्रॅग साडेतीन किलो असता तर? ३.५ ला स्पूल आणि रॉड धरून सव्वापाच, सुटतानाचा झटका धरून ६.३, पाण्यासकट सव्वासातच्या आसपास. गाठीकडे साडेतीन किलोची सवड शिल्लक. म्हणून सर्वांत कमजोर दुव्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा ड्रॅग ठेवावा हा जुना नियम आहे. अनुभवी माणसं तो भित्रेपणाने पाळत नाहीत. उरलेले दोन तृतीयांश मासा, रॉड आणि पाणी मिळून खाणार असतात. ब्रेड जवळजवळ ताणलीच जात नाही, ती मोनोसारखी धक्का गिळत नाही, त्यामुळे ब्रेडवर मी तिसऱ्यापेक्षा चौथ्या हिश्शाकडे झुकतो. कमजोर दुवा लाईनच असेल असंही नाही. २० पौंडांचा लीडर लावला असेल तर हिशेब २० पौंडांवर. हलक्या ल्यूरचे (खोट्या आमिषाचे) कारखान्यातून आलेले तिहेरी हुक कित्येकदा त्याआधी सरळ होतात, मग हिशेब हुकवर.

यावरून पुढचा धडा: मासा लांब गेल्यावर नॉब आवळायचा नाही. सगळ्यांचा हात तिकडेच जातो, कारण स्पूल रिकामं होताना भीती वाटते. पण त्याच वेळी ड्रॅग आपोआप वाढलेला असतो. लाईन फार गेली तर नॉब थोडा सैलच करावा. जादा जोर हवाच असेल तर तो हाताने द्या. स्पिनिंग रीलवर मोकळ्या हाताचा तळवा किंवा बोटं स्पूलच्या कडेवर टेकवा. दाब हवा तेवढा वाढवता येतो आणि मासा उसळला की पापणी लवायच्या आत काढून घेता येतो. नॉब एकदा फिरवला की नेमका मूळ जागी परत आणणं झुंजीच्या मध्यात कुणालाच जमत नाही. लाईनला मात्र बोट लावू नका. पळत्या ब्रेडने बोट हाडापर्यंत चिरतं.

ड्रॅग मोजायचा कसा? अंदाजाने लाईन ओढून ‘ठीक वाटतंय’ म्हणणं सोडून द्या. मनगटाला सहा किलो आणि चार किलो यांतला फरक कळत नाही. प्रवासाच्या बॅगा मोजायचा डिजिटल काटा बाजारात सहज मिळतो, तो बास. स्पूल पूर्ण भरलेलं हवं. लाईन गाईडमधून ओवून घ्या, टोक काट्याच्या हुकला बांधा. कुणाला तरी रॉड ४५ अंशांत धरायला सांगा आणि तुम्ही काटा घेऊन सावकाश, एकसारखं मागे चाला. पहिला झटका आणि नंतरचा चालता आकडा, दोन्ही बघा. ड्रॅग ठरवायचा तो चालत्या आकड्यावर. पहिला झटका चालत्या आकड्यापेक्षा पाव हिश्शाहून जास्त असेल तर वॉशर काढून स्वच्छ करायची वेळ झाली असं मी समजतो. रॉडमधून मोजल्यामुळे गाईडची बरीचशी वाढ या आकड्यात येऊन जाते, तेव्हा तुमच्या ३० पौंडी लाईनला असा मोजलेला ४ किलोचा ड्रॅग भरपूर आहे. मोजण्याआधी चार-पाच वेळा लाईन ओढून वॉशर मोकळे करून घ्या. रात्रभर सैल पडलेला ड्रॅग पहिल्या ओढीला वेगळं वागतो.

उष्णतेचाही विचार हवा. घर्षणात गेलेली सगळी मेहनत शेवटी उष्णता होते. आठ किलोच्या ड्रॅगवर कुपा सेकंदाला दहा मीटर वेगाने लाईन नेत असेल तर स्पूलच्या पोटात त्या वेळी सुमारे ७८० वॉट उष्णता तयार होत असते, म्हणजे घरातली कपड्यांची इस्त्री चालू असावी तेवढी, आणि तीही काही चौरस सेंटिमीटरच्या चकत्यांवर. फेल्ट यात करपतो. टेफ्लॉन मऊ पडतो. कार्बन फायबर टिकतो, आणि गरम झाल्यावरही त्याची पकड फारशी बदलत नाही. म्हणून मोठ्या, लांब पळणाऱ्या माशांसाठी कार्बनशिवाय दुसरं काही मी सुचवणार नाही. खाडीत छोट्या तांबोशीसाठी, चार-पाच सेकंदांच्या झुंजीसाठी, तेल धरलेला फेल्ट उत्तम काम करतो. हलक्या ड्रॅगवर तो कार्बनइतकाच मऊ सुटतो. तुमच्या रीलमध्ये कोणता आहे ते उघडल्यावर कळेल: विणीचा काळा कडक वॉशर असेल तर कार्बन, लोकरीसारखा मऊ असेल तर फेल्ट.

खोक्यावरच्या ११ किलोंचा अर्थ आता वेगळा सांगायला नको. नॉब पूर्ण आवळल्यावर रील तेवढं धरतं, एवढंच. त्या आकड्याजवळ ड्रॅग मऊ सुटेल याची हमी त्यात नसते. माझ्या मते कुठलंही रील त्याच्या कमाल आकड्याच्या निम्म्यापर्यंतच चांगलं वागतं. त्याच्या वर रीलची बॉडी पिळवटते, दांडा वाकतो आणि स्पूल एका बाजूला घासू लागतं.

मासा कोणता त्यावर ड्रॅग बदलतो, त्याबद्दल थोडं. सुरमईला हलका हवा. तिची पहिली धाव विजेसारखी असते, पण मोकळ्या पाण्यात असते, तिथे घुसायला कपार नसते. तोंडाची कातडी फाटून हुक सुटण्याचा धोका लाईन तुटण्यापेक्षा मोठा. पळू द्या, दमू द्या. तांबोशी आणि हेकरू याच्या नेमके उलट. त्यांना पळायचंच नसतं, दोन मीटरवरच्या कपारीत शिरायचं असतं. तिथे पहिले तीन सेकंद सगळं ठरवतात. म्हणून खडकात आणि कांदळवनाच्या मुळांत त्यांच्यासाठी ड्रॅग आवळा जरूर, पण त्याआधी लाईन, लीडर, हुक सगळं एक पायरी वर न्या. ३० पौंडी लाईनवर कुलूप लावल्यासारखा ड्रॅग ठेवण्यापेक्षा ५० पौंडी लाईनवर सहा किलो केव्हाही बरे. जिताडा मधला. पहिली धाव जोरात, मग उड्या. मध्यम ड्रॅग आणि चपळ रॉड. कुंडलिका किंवा वाशिष्ठीसारख्या खाडीत पुलाचे खांब आणि जुने खुंटे असतात, तिथे थोडा वर.

खडकावर उभे असाल तर आणखी एक हिशेब करा, तो मी कळकळीने सांगतो. आठ किलोचा ड्रॅग तुमच्या अंगावर आठ किलोनेच येत नाही. वाकलेल्या रॉडचं टोक बुडख्यापासून सव्वा मीटर पुढे असेल आणि पुढचा हात साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरवर असेल, तर त्या हाताला वीस किलोहून जास्त जोर धरून ठेवावा लागतो. तोही शेवाळलेल्या कातळावर, लाट पायाशी असताना. मासा अचानक धावला आणि ड्रॅग सुटला नाही तर पुढे माणूस जातो. देवगड, विजयदुर्ग, मालवणच्या कातळांवर एकट्याने, लाईफ जॅकेटशिवाय, आवळलेल्या ड्रॅगवर उभं राहू नये. मासा गेला तर दुसरा मिळतो.

काही वेळा दोष ड्रॅगचा नसतो, पण तसा भासतो. असे दोन प्रकार फार पाहायला मिळतात. नॉब घट्ट आहे, तरी लाईन जाते आणि ड्रॅगचा आवाजही येत नाही? तर ब्रेड स्पूलवर आख्खीच घसरते आहे. गुळगुळीत धातूवर ब्रेड पकडत नाही. तळाला काही मीटर मोनो गुंडाळून मग ब्रेड बांधली की हा प्रकार संपतो. दुसरा याहून घातक: ड्रॅग योग्य आहे, तरी लाईन फट्‌कन तुटते, आणि पाहिलं तर स्पूलवर ब्रेड आतल्या थरांत रुतलेली. ढिली गुंडाळलेली ब्रेड जोराची ओढ आली की खालच्या वेढ्यांत कापत घुसते आणि अडकते. अडकल्यावर ड्रॅग कितीही मऊ असो, तो सुटणारच नाही. नवी लाईन भरताना ओल्या फडक्यातून दाबून, ताण देऊन भरा. दिवसभर हलके ल्यूर फेकून झाल्यावर शेवटची शंभर मीटर पुन्हा एकदा ताणावर गुंडाळा.

लाईन रोलरही तपासा, म्हणजे बेलच्या (लाईन धरणाऱ्या तारेच्या कमानीच्या) टोकाला असलेली ती छोटी फिरती चाकी. लाईन तिथे काटकोनात वळते. मिठाने ती अडकली असेल तर तिथेच अर्धा-एक किलो जादा घर्षण होतं, आणि लाईन एकाच रेषेत घासून कापली जाते. बोटाने फिरवून बघा. मोकळी फिरली पाहिजे.

आणि ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहू नका. स्पिनिंग रीलमध्ये स्पूल जागच्या जागी असतं आणि त्याभोवती फिरणारा रोटर लाईन गुंडाळतो. गियर ५.२ चा असेल (हँडलच्या एका फेऱ्याला रोटरचे ५.२ फेरे) आणि लाईन बाहेर जात असताना तुम्ही हँडलचा एक फेरा मारलात तर लाईनला पाच वळ्या पडतात, आणि मासा एक इंचही जवळ येत नाही. पन्नास फेऱ्यांत अडीचशेवर वळ्या. पुढच्या फेकीला जो गुंता होतो तो यातूनच. मासा पळतो तेव्हा पळू द्या. थांबला की रॉड सावकाश उचला, खाली नेताना गुंडाळा.

तुम्ही मोठं रील म्हणून ओव्हरहेडचा (रॉडच्या वर बसणारं, स्पूल स्वतः फिरणारं रील) विचार करत असाल तर त्यातला फरक असा. ताऱ्याच्या आकाराच्या चाकाने आवळायच्या रीलमध्ये वॉशर मुख्य गियरच्या पोटात असतात. गियरचं गुणोत्तर जितकं मोठं तितकी स्पूलवर पोचणारी अडवणूक कमी. म्हणून एकाच मॉडेलच्या वेगवान रीलचा कमाल ड्रॅग बहुधा मंद रीलपेक्षा कमी असतो. लिव्हर ड्रॅगमध्ये चकती थेट स्पूलच्या बाजूला असते. लिव्हर ढकलली की ठरवून ठेवलेला आकडा येतो, मागे घेतली की उतरतो, आणि झुंजीत परत नेमक्या त्याच जागी नेता येतो. बोटीवरून कुपा किंवा मोठ्या जीटीसाठी (जायंट ट्रेवली मासा) ते अप्रतिम आहे. खडकावरून हलके ल्यूर फेकायला तुमचं स्पिनिंग रीलच सोयीचं.

निगा फार अवघड नाही, पण आपल्या हवेत ती टाळता येत नाही. घरी आल्यावर आधी नॉब आवळा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराचा फवारा मारू नका, तो मीठ आत ढकलतो. पुसून सावलीत वाळवा आणि वाळल्यावर नॉब पूर्ण सैल करा. आवळलेल्या अवस्थेत ठेवलेले वॉशर, विशेषतः फेल्टचे, दबून कडक होतात आणि स्प्रिंगही मरते. जून-जुलैत बरेच जण रॉड गुंडाळून ठेवतात. त्या दमट दोन-तीन महिन्यांत आवळलेलं राहिलेलं रील श्रावणात उघडलं की चकत्या एकमेकांना चिकटलेल्या सापडतात. पावसाळ्याआधी एकदा चवड काढा, साबणाच्या पाण्याने धातूच्या चकत्या धुवा, पूर्ण वाळवा, गंजाचे ठिपके असतील तर अगदी बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट करा. कार्बन वॉशरला ड्रॅगसाठीच बनवलेल्या ग्रीसचा पातळ थर बोटाने चोळून लावा आणि जादाचं पुसून टाका. ग्रीस लावल्याने कमाल ड्रॅग थोडा उतरतो, पण सुटतानाचा झटका कमी होतो आणि खारं पाणी धातूला लागत नाही. हा सौदा मी डोळे मिटून करतो. गंज सोडवायचा फवारा किंवा शिलाई मशीनचं तेल वॉशरवर अजिबात नको.

तुमच्यासाठी आता करायचं एवढंच. चवड उघडून वॉशर पाहा, साफ करा, फेल्ट असेल तर त्याच मापाचे कार्बन मिळतात का ते शोधा. एक काटा घ्या. ड्रॅग रॉडमधून मोजून ४ किलोवर ठेवा. लीडरसाठी एफजी नावाची गाठ बांधत नसाल तर शिका, कारण ती गाईडमधून सहज जाते आणि ब्रेडची ताकद इतर गाठींपेक्षा कमी खाते. तुटलेल्या लाईनचं टोक अजून असेल तर तेही नीट पाहा. टोक कुरळं झालं असेल तर गाठ घसरली आहे. फुटून केसाळ झालं असेल तर ते कातळाला घासलं आहे, आणि मग माझा वरचा हिशेब तितकासा लागू होत नाही. तसं असेल तर लीडर दोन मीटर लांब आणि ६० पौंडांचा करा.